आईंचं माहेरचं आडनाव

माझे पती वारले त्याला एकोणीस दिवस झाले होते. दुपारची वेळ होती आणि लाइट गेली होती. भिवंडीच्या नारपोलीत लाइट गेली की आधी कानांना कळायचं. आमच्या भिंतीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. दिवसभर चालणारी त्याची खटखट एकदम थांबायची आणि मग शेजारच्या खोलीत कोण खोकतंय तेही ऐकू यायचं. त्या शांततेत आमचा फोन वाजला.

माझे पती सरकारी कचेरीत क्लार्क होते. वय एक्केचाळीस. एका सोमवारी सकाळी कामावर निघताना ते बूट घालायला खाली वाकले आणि तिथेच बाजूला कलंडले. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं, आणि थोड्या वेळाने एका नर्सने प्लास्टिकच्या पिशवीत त्यांचं घड्याळ, पाकीट आणि चाव्या आणून दिल्या. पुढे जलदानविधी झाला. भंतेजी येऊन वंदना घेऊन गेले, पाहुणे आपापल्या गावी गेले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. माझ्या सासूबाई गणेशपुरीच्या पलीकडे असलेल्या आमच्या गावाहून आल्या होत्या, त्या मात्र परत गेल्या नाहीत. मी त्यांना आई म्हणायचे. घरात आम्ही दोघीच.

त्या दिवसांत मला काही वाटतच नव्हतं. लोकांना वाटायचं मी फार धीराची आहे. दात काढायच्या आधी सुई टोचतात, मग गाल हाताला लागतो पण गालाला हात लागत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. भाकरी भाजायचे, पाणी भरायचे, कुणी आलं की चहा ठेवायचे.

तर फोन वाजला. मी उचलला. पलीकडून एका माणसाने ह्यांचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "सर से बात हो सकती है?"

"ते बाहेर गेलेत," मी म्हटलं.

मी असं का म्हटलं, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. तोंडातून तेच निघालं.

"अरे, मॅडम मराठी का? मग मराठीतच बोलू की," तो म्हणाला. आवाज तरुण होता, स्वच्छ. घाई नव्हती. "मी सरांच्या क्रेडिट कार्डच्या ऑफिसमधून बोलतोय. सर कधी येतील?"

"संध्याकाळी."

"सर कार्ड फार कमी वापरतात, मॅडम."

"हो. त्यांना आवडत नाही."

हे खरंच होतं. त्यांच्या कचेरीच्या फाटकाशी टेबल टाकून टाय लावलेली दोन मुलं बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कार्ड घ्या, फुकट आहे म्हणून अडवायची. हे भिडस्त. दोन दिवस टाळलं आणि तिसऱ्या दिवशी फॉर्म भरून आले. कार्ड आल्यावर ठाण्याला जाऊन त्यावर मला मिक्सर घेतला, तेवढाच त्याचा वापर. खिशात दुसऱ्याचं पाकीट घेऊन फिरल्यासारखं वाटतं, असं म्हणायचे.

एकोणीस दिवसांत आमच्याकडे आलेला प्रत्येक माणूस चेहरा पाडून आला होता आणि "होते", "करायचे", "असायचे" असं बोलून गेला होता. हा माणूस ते येतील, वापरतात, घेतील असं बोलत होता. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि खुर्चीवर बसले.

तो म्हणाला, सरांच्या कार्डावर पॉइंट जमलेत, त्यावर प्रवासाची बॅग मिळते, पण आज शेवटची तारीख आहे, उद्या सगळे पॉइंट वाया जातील. सर नाहीत तर हरकत नाही, तुम्ही कार्ड बघून नंबर सांगितला तरी चालेल. मी त्याला थांबायला सांगून कपाटाकडे गेले. ती दवाखान्याची पिशवी मी अजून उघडली नव्हती. त्या दिवशी उघडली. पाकिटात रेशनिंगच्या दुकानाची चिठ्ठी होती, दहाच्या तीन नोटा, एक पासपोर्ट फोटो आणि कार्ड.

मी कार्डाच्या पुढच्या बाजूचे सोळा आकडे वाचून दाखवले. चार आकडे झाले की तो "बरोबर" म्हणायचा. शाळेत पाढे म्हणताना गुरुजी म्हणायचे तसं. कार्ड कधीपर्यंत चालतं तो महिना आणि वर्ष सांगितलं. मग तो म्हणाला, "आता मागे बघा मॅडम. सरांनी जिथे सही केलीय ना, तिच्याशेजारी तीन आकडे आहेत."

मी कार्ड उलटं केलं. निळ्या शाईत त्यांची सही होती, आडनावाखाली रेघ ओढलेली. तीन आकडे मी सांगितले. जन्मतारीख सांगितली. शेवटी त्याने विचारलं, "आणि मॅडम, सरांच्या आईचं माहेरचं आडनाव?"

हे मला माहीत नव्हतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण कधी विषयच निघाला नव्हता. मी रिसीव्हर हातात धरूनच स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, "आई, तुमचं माहेरचं आडनाव काय?"

आई तांदूळ निवडत होत्या. "कोन इचारतं?"

"बँकेतले आहेत."

त्यांनी आतूनच मोठ्याने आडनाव सांगितलं. ताट बाजूला सारून दारात आल्या आणि पुन्हा एकदा सांगितलं, मी चुकू नये म्हणून. "म्हायेरच्या गावाचं नाव सांगू का?" त्यांनी विचारलं.

गावाचं नाव नको होतं. तो म्हणाला, "थँक्यू मॅडम. आजींनापण माझा नमस्कार सांगा." मी आईंना नमस्कार सांगितला.

आई तिथेच दाराशी टेकून बसल्या. "बँकेत माजं म्हायेरचं नाव कशाला लागतं?"

"त्यांनी फॉर्मवर लिहिलं असेल."

"त्यानं लिवलं?" त्या म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं कोनी इचारलं न्हाय ते."

लाइट आली, लूम सुरू झाले, त्या उठून आत गेल्या. संध्याकाळी शेजारीण आली तर तिला त्यांनी ही गोष्ट सांगितली. बँकेच्या पुस्तकात मुलानं आपलं माहेरचं नाव लिहून ठेवलं होतं, हे सांगताना त्यांचा आवाज इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा वर चढला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत फोन आला. बॅग पाठवायची तर पत्ता पक्का करायचा आहे, आणि कालचा मागचा नंबर एकदा पुन्हा सांगा. "सर आहेत का आज?" त्याने विचारलं.

"आंघोळ करतायत," मी म्हटलं. दुपारचे अडीच वाजले होते.

तो म्हणाला, "चालेल, चालेल, करू द्या." मी तीन आकडे पुन्हा सांगितले.

तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडायला फोनजवळच बसले. फोन आला नाही.

साधारण तीन आठवड्यांनी कुरियरवाला पाकीट देऊन गेला. ह्यांच्या नावाने येणारी पाकिटं मी न फोडता टीव्हीच्या मागे ठेवत होते. माझा दीर, म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, भिवंडीतच टेम्पो चालवायचा. रविवारी तो आईला भेटायला आला तेव्हा त्याने ती सगळी पाकिटं काढून एकेक फोडायला घेतली. कार्डाच्या हिशेबाच्या कागदावर तो थांबला. पुन्हा वरून खाली वाचलं.

"वैनी," तो म्हणाला, "ह्या तारखा दादा गेल्यानंतरच्या हायत."

कागदावर दोन खरेद्या होत्या. पहिल्या फोनच्या दिवशी दोन मोबाइल, दुसऱ्या फोनच्या दिवशी विमानाची तिकिटं. दोन्ही मिळून ह्यांचे तीन पगार झाले असते.

"कार्ड कोनाकडे हाय?"

"माझ्याकडे. कपाटात."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. ते बघणं मला कळलं. वाईट वाटायला हवं होतं, पण तेही वाटलं नाही. मी म्हटलं, "मी फोनवर नंबर सांगितला. बँकेतला माणूस होता."

"का सांगितलास?"

"त्याने विचारला."

"तू त्याला सांगितलं नाहीस दादा गेला म्हणून?"

"नाही."

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, उद्या पोलीस स्टेशनला जाऊ.

पोलीस स्टेशनला हवालदार चांगला होता. त्याने आम्हाला बसायला बाकडं दिलं, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, "कार्ड कधी हरवलं?"

"हरवलं नाही. हे काय." मी कार्ड टेबलावर ठेवलं.

त्याने ते उचलून दोन्ही बाजूंनी बघितलं. "मग चोरीला काय गेलं, ताई?"

दीर म्हणाला, "नंबर गेला, साहेब."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. नंबर चोरीला गेल्याची तक्रार त्याने तोवर लिहिली नव्हती. शेवटी एका साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला, शिक्का मारून दिला आणि म्हणाला, "बँकेत जा. आज म्हणजे आजच जा."

त्या बँकेची शाखा तेव्हा भिवंडीत नव्हती, कार्डाचं ऑफिस ठाण्याला होतं. दिराला माल घेऊन नाशिकला जायचं होतं. आई म्हणाल्या, मी येते. मी नको म्हटलं, पण त्यांनी पातळ बदललं, चपला घातल्या आणि दारात उभ्या राहिल्या. आम्ही एसटीने गेलो.

ऑफिसात काचेपलीकडे माझ्याच वयाची एक बाई होती. तिने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, "ज्यांच्या नावावर कार्ड आहे त्यांना यावं लागेल."

"ते वारले."

एवढे दिवस लोक मला सांगत होते, आता मी सांगितलं. मी मृत्यूचा दाखला पुढे केला. तिने त्यावरची तारीख बघितली, पुन्हा कॉम्प्युटर बघितला आणि तिचा चेहरा बदलला.

"त्यानंतर कार्ड वापरलं गेलंय."

"हो."

"कार्ड तुमच्याकडे होतं. मागचा नंबर बरोबर, जन्मतारीख बरोबर. कस्टमर केअरला फोन करून माल पाठवायला दुसरा पत्ता नोंदवून घेतलाय, तेव्हा विचारलेल्या खासगी प्रश्नाचं उत्तरही बरोबर. हे घरच्या माणसाशिवाय कुणाला माहीत असणार, मॅडम?" ती ओरडून बोलत नव्हती. "माणूस गेला की आधी कार्ड बंद करायचं असतं. कितीतरी घरांत लोक वापरत राहतात. आम्ही रोज बघतो."

खरं तर मला तिथून उठून परत एसटीत बसावंसं वाटत होतं. पैसे भरायला सांगितले असते तर मी हो म्हटलं असतं.

आई काचेला जवळजवळ नाक लावून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाय, फोन आलता. मी घरात व्हते. दोनदा आला."

"तुम्ही बोललात का आजी त्याच्याशी?"

"मी न्हाय बोलले. पन माजं म्हायेरचं नाव मीच सांगितलं. तिला ठावं नवतं. तिला इचार, तिला पंधरा वर्सांत ठावं नवतं."

ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. तिने हात कीबोर्डवरून काढला.

"आजी, तोच तर प्रश्न असतो," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "फोनवर बोलणारा माणूस खरा आहे का, ते आम्ही त्याच्यावरून ओळखतो. ते नाव कुणाला सांगायचं नसतं. ते गुपित असतं."

"म्हायेरचं नाव गुपित कसं असंल?" आईंना खरंच कळेना. "माज्या गावात सगल्यांना ठावं हाय."

ती बाई हसली नाही. तिने खणातून एक फॉर्म काढला आणि माझ्यापुढे सरकवला. तो भरताना ती एकेक गोष्ट सांगत होती आणि मी ऐकत होते. बँकेला तुमचा कार्ड नंबर माहीत असतो, बँक तो फोन करून विचारत नाही. मागचे तीन आकडे तर कधीच नाही. कुणी आज शेवटची तारीख म्हटलं की समजायचं. फोन आला तर ठेवून द्यायचा आणि कार्डामागे छापलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करायचा, त्याने दिलेल्या नंबरावर करायचा नाही. दर महिन्याचं पाकीट आलं की त्याच दिवशी फोडायचं. तिने विचारलं, "त्याला यांचं नाव आधीच माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. "कुठल्या तरी फॉर्मवरून जातं. आम्हालाही कळत नाही कुठून," ती म्हणाली.

मग तिने कात्री घेऊन कार्ड मधोमध कापलं, काळ्या पट्टीवरून, आणि तुकडे एका लिफाफ्यात टाकून त्यावर सही केली.

मी सगळ्या सह्या केल्या. आम्ही उठलो तशी आई परत काचेशी गेल्या.

"बाय, येक काम कर. त्यानं माजं म्हायेरचं नाव लिवलेलं हाय का न्हाय, तेवडं बगून सांग. तो चोर खोटं बोलला असंल म्हनून इचारते."

मला वाटलं ती नाही म्हणेल, नियमात नसेल. मागे रांग होती. तिने बटणं दाबली, थोडा वेळ वाचलं आणि म्हणाली, "आहे, आजी. लिहिलंय त्यांनी."

"बराबर लिवलंय?"

"बरोबर आहे."

आई म्हणाल्या, "मंग झालं."

परतीच्या एसटीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. खाडीवरचा कशेळीचा पूल आला तेव्हा त्यांनी खिडकीकडे बघतच विचारलं, "तुला ठावं व्हतं का तो चोर हाय?"

"नाही."

"मंग तो आंगोल करतो असं का म्हनलीस?"

"माहीत नाही, आई."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मना बरा वाटला आयकून," त्या म्हणाल्या. "त्याला पानी द्यायला मी तांब्या घेऊन उठले पन व्हते."

मी त्यांचा हात धरावा असं मला वाटलं. म्हणजे धरायला हवा असं डोक्यात आलं. पण हात मांडीवर होता तिथेच राहिला. रडू मला पुढे दीड वर्षाने कधीतरी आलं, अगदी भलत्या कारणाने, आणि ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यानंतर चार महिने चौकशी चालली. त्या काळात वसुलीवाल्यांचे फोन यायचे. काही जण नीट बोलायचे, काही जण नवऱ्याला लपवून ठेवलंय का असं विचारायचे. मी त्यांना एवढंच सांगायचे, "ते वारले. दाखला तुमच्या ठाण्याच्या ऑफिसात दिलाय. तुमचं नाव सांगा, मी तिथे फोन करून विचारते." निम्मे तिथेच फोन ठेवायचे. ते खरे होते का खोटे, मला कळलं नाही आणि मी शोधलंही नाही. दिराने एका रविवारी बसून यादी केली आणि लाइट बिल, फोन, गॅस, प्रॉव्हिडंट फंड, सगळीकडे आम्ही ते गेल्याचं कळवून आलो. जिथे जायचो तिथे दाखल्याची झेरॉक्स द्यायची. दीर परत कधी त्या तारखांवरून बोलला नाही. एकदा फक्त म्हणाला, "वैनी, मला तेव्हा उलटंसुलटं वाटलं होतं." मी म्हटलं, "असू दे."

शेवटी बँकेचं पत्र आलं. दोन्ही खरेद्या फोनवरून झालेल्या, कुठल्याच पावतीवर सही नाही, माल दुसऱ्याच राज्यातल्या पत्त्यावर गेलेला. म्हणून रक्कम रद्द केली होती. मोबाइल कुणी वापरले आणि विमानात कोण बसलं ते काही कळलं नाही.

वर्षभराने मला अनुकंपावर ह्यांच्याच कचेरीत नोकरी लागली. माझ्या टेबलासमोर निवृत्तीला आलेले एक हेडक्लार्क बसायचे. कडक माणूस, नव्या लोकांशी फारसं बोलायचे नाहीत. एका दुपारी त्यांना ऑफिसच्या फोनवर फोन आला. बोलता बोलता त्यांनी खिशातून कार्ड काढलं, चष्मा वर केला आणि आकडे वाचायला लागले. पहिले चार झाले. मी उठले आणि फोनचा खटका दाबला.

"काय केलंत?" ते ताडकन उठले. सगळी कचेरी बघायला लागली. "बँकेचा फोन होता! आज शेवटची तारीख आहे."

"साहेब, कार्डामागे नंबर आहे. त्यावर तुम्ही फोन करा."

ते रागारागाने फोन लावून बसले. बराच वेळ गाणं ऐकावं लागलं असणार. मग दोन-तीन वाक्यं बोलले, ऐकलं, आणि रिसीव्हर हळूच खाली ठेवला. बँकेतून कुणीही फोन केला नव्हता.

चार वाजता त्यांनी कँटीनमधून माझ्यासाठी चहा मागवला. कप माझ्या टेबलावर ठेवून उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?"

"मला आला होता असा फोन," मी म्हटलं.

"मग? तुम्ही ठेवून दिलात?"

"नाही. मी सगळं सांगितलं."

ते जागेवर जाऊन बसले. चहा फार गोड होता, पण मी प्यायले. साडेपाचला कचेरी सुटली, नाक्यावर शेअर रिक्षा मिळाली. घरी आले तेव्हा आई कुकर लावत होत्या.